गोव्यात व्यवस्थापनाचे शिक्षण: विद्यार्थी आणि नोकरदार नेहमी विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. कॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा निकाल आला की पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुले येतात. नोकरी करणारे मात्र वर्षभर विचारत असतात, बहुतेक वेळा संध्याकाळी आणि थोडे संकोचून. वाणिज्य शिकवताना कानावर पडलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझे एक मत आधीच सांगते, कारण ते पुढच्या बऱ्याच उत्तरांत दिसेल: अभ्यासक्रमाचे नाव शेवटी ठरवावे. आधी त्याची मान्यता तपासावी, आपल्याकडे रोज किती वेळ आहे ते पाहावे, आणि ही पदवी घेऊन नेमके कोणते काम करायचे आहे ते स्वतःला विचारावे.

बारावीनंतर बीकॉम घ्यावे की बीबीए?

हिशेबाची भीती नसेल तर बीकॉम. गोव्यापुरते बोलायचे तर मला आजही तीच पायाभरणी भक्कम वाटते. इथले सीए कार्यालय, पतसंस्था, हॉटेलचा अकाउंट्स विभाग, वेर्ण्यातल्या कारखान्याचे स्टोअर, कुठेही नवीन मुलाला आधी विचारतात ते एकच: जीएसटीचे विवरण भरता येते का, खातेवही जुळवता येते का, बँकेचे ताळमेळ पत्रक करता येते का. बीकॉममध्ये हे खोलवर होते.

बीबीएचा फायदा वेगळा. तिथे पहिल्या वर्षापासून विपणन, मनुष्यबळ, संघटन, प्रकल्प, सादरीकरण असे सगळे थोडे थोडे शिकायला मिळते. ज्या मुलाला माणसांत वावरायला आवडते, विक्रीत रस आहे किंवा पुढे एमबीएच करायचे हे ठरलेले आहे, त्याला बीबीए मानवते. मात्र २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत आले आहेत. त्यामुळे विद्यापीठाची संलग्नता पाहून थांबू नका, त्या वर्षासाठी एआयसीटीईची मान्यता आहे का, हेही विचारा.

वाणिज्य शाखेसाठी घरापासून फार लांब जावे लागत नाही, हे गोव्याचे भाग्य. पणजीजवळ कुजिऱ्याला धेंपो महाविद्यालय आहे, मडगावात दामोदर, नावेलीत रोझरी, डिचोलीत झांट्ये, आसगावात ज्ञानप्रसारक मंडळाचे महाविद्यालय. कोणत्या महाविद्यालयात बीकॉमच्या जोडीला कोणती बीबीए आहे, हे दर वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे, कारण नवे विषय येत-जात असतात. आदरातिथ्य आणि पर्यटनाकडे ओढा असलेल्यांसाठी गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलने बारावीनंतरचा एकात्मिक एमबीएही सुरू केला आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी पाच वर्षांची वाट पक्की करणे प्रत्येकाला जमत नाही, तेव्हा मुलाला स्वतःला ते हवे आहे का, हे घरी शांतपणे बोलून घ्या.

मी विज्ञान शाखेची (किंवा कला शाखेची) आहे. मला एमबीए करता येईल?

येईल. एमबीएसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, साधारणपणे ५० टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना ४५. औषध कंपन्यांत रसायनशास्त्र किंवा फार्मसी करून मग व्यवस्थापन शिकलेल्या माणसाला मान असतो. फक्त सुट्टीत लेखाशास्त्राचे प्राथमिक पुस्तक वाचून घ्या, नाहीतर पहिली सहामाही जड जाते.

नव्या शैक्षणिक धोरणातले चौथे वर्ष करावे का?

गोव्यात २०२३-२४ पासून पदवीची नवी रचना लागू झाली. तीन वर्षांत साधारण १२० श्रेयांक पूर्ण केले की पदवी मिळते, चौथे वर्ष करून १६० केले की ऑनर्स. मध्येच थांबावे लागले तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, त्यासाठी ठरलेला व्यावसायिक अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. श्रेयांक तुमच्या नावे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि पुन्हा शिक्षणाकडे वळताना उपयोगी पडतात.

एमबीएच करायचे असेल तर तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. संशोधन किंवा अध्यापन मनात असेल, एमकॉम करायचे असेल, तर चौथ्या वर्षाला अर्थ आहे. निव्वळ ‘सगळे करतात म्हणून’ ते वर्ष घेण्यापेक्षा ते नोकरीत घालवलेले मला अधिक पटते.

एमबीए आणि पीजीडीएम यांत फरक काय? कोणता चांगला?

पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो, म्हणून विद्यापीठ एमबीए देते. स्वायत्त संस्थेला तो अधिकार नसल्याने ती पदव्युत्तर पदविका, म्हणजे पीजीडीएम देते, आणि त्यासाठी तिला एआयसीटीईची मान्यता लागते. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज काही पीजीडीएमना एमबीएशी समकक्षता देते. पुढे पीएचडी, प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर ही समकक्षता आहे का, हे आधीच पाहावे. खासगी कंपनी सहसा यात शिरत नाही. ती संस्थेचे नाव आणि तुमचे काम बघते.

गोव्यात दोन्हींची उदाहरणे समोरच आहेत. गोवा विद्यापीठ १९८४च्या कायद्याने स्थापन झाले आणि १९८५पासून सुरू झाले. ताळगाव पठारावर त्याचे संकुल आहे. तिथे व्यवस्थापन, वाणिज्य, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र हे विभाग आता गोवा बिझनेस स्कूल या एका छत्राखाली आहेत. दुसरीकडे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट. फादर रोमुआल्ड डिसोझा या जेझुइट शिक्षणतज्ज्ञाने ती १९९३मध्ये उभी केली. सुरुवातीची वर्षे रायबंदरला मांडवीकाठच्या जुन्या इस्पितळाच्या वास्तूत गेली आणि पुढे संस्था साखळीजवळच्या डोंगरावर गेली. ती पीजीडीएम देते, तिथे देशभरातून मुले येतात, आणि आरोग्यसेवा व्यवस्थापनासारखे वेगळे विषयही तिने लवकर हाती घेतले.

फरक जाणवतो तो फीमध्ये. विद्यापीठाची फी खासगी निवासी संस्थेच्या मानाने पुष्कळच कमी असते. खासगी पीजीडीएमचा दोन वर्षांचा खर्च लाखांच्या दोन आकड्यांत जातो. त्या बदल्यात देशभरच्या मुलांची संगत आणि मोठ्या कंपन्यांची ये-जा मिळते. गोव्यातच राहून काम करायचे असेल तर विद्यापीठाचा एमबीए फार समंजस निवड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई-बंगळुरूत सल्लागार कंपनीत शिरायचे स्वप्न असेल तर हिशेब बदलतो.

प्रवेश परीक्षा कोणती द्यावी आणि तयारी कधी सुरू करावी?

कॅट ही सर्वांत जास्त ठिकाणी चालणारी. आयआयएम ती घेतात, नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी असते, गोव्यातही केंद्र मिळते. दोन तासांचा पेपर, तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटे: इंग्रजी वाचन, माहितीचे विश्लेषण आणि तर्क, गणित. बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. वेळ संपली की भाग बंद होतो, मागे फिरता येत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला झॅट असते. एनटीए सीमॅट घेते आणि वर्षात अनेकदा होणारी मॅटही आहे. संस्था कोणते गुण धरणार, हे तिच्या त्या वर्षीच्या सूचनेत वाचा.

आता आपल्याकडची एक अडचण. कॅटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचे असतात आणि नेमकी तेव्हाच चवथ असते. घराला रंग, माटोळी, पाहुणे, आरत्या यांत महिनाभर अभ्यास मागे पडतो आणि अर्जाची तारीखही निसटते. म्हणून चतुर्थीच्या आधीच अर्ज भरून टाका. तयारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, रोज दीड-दोन तासांनी सुरू केली तर शेवटच्या दोन महिन्यांत सराव परीक्षांना वेळ राहतो. महागडा शिकवणी वर्ग अनिवार्य नाही. अंकगणित आणि वाचन यांवर पकड असलेली मुले घरी बसूनही चांगले गुण आणतात. कॅटचे गुण त्या एका प्रवेशवर्षापुरतेच चालतात, हे लक्षात ठेवा.

माझे प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले. इंग्रजीत मागे पडेन का?

हा प्रश्न विचारणारी मुले बहुधा पेडणे, सत्तरी, डिचोली, सांगे भागातली असतात आणि त्यांच्या आवाजातली भीती मला ओळखीची झाली आहे. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी, हा गोव्यातल्या हजारो मुलांचा रस्ता आहे. पदवीपर्यंत पोहोचला आहात म्हणजे इंग्रजीतून परीक्षा देऊन पोहोचला आहात. विषय कळण्यात ही मुले कुठेच कमी नसतात. अडतात ती दोन ठिकाणी: भराभर वाचण्यात आणि चारचौघांत बोलण्यात.

एमबीएच्या वर्गात आदल्या रात्री वीस पानांची केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या प्रसंगाची हकीकत, वाचून यायचे असते आणि सकाळी त्यावर बोलायचे असते. त्याची सवय आधीच लावता येते. रोज इंग्रजी अर्थविषयक दैनिकातली एक बातमी पूर्ण वाचा, मग ती बंद करून घरातल्या कुणाला तरी मराठीत सांगा. समोरच्याला कळली तर तुम्हाला कळली. त्यानंतर तीच बातमी इंग्रजीत दोन मिनिटे मोठ्याने बोला, भिंतीशी बोललात तरी चालेल. सहा महिने हे नेटाने केलेल्या मुलांचा गटचर्चेतला सूर बदललेला मी पाहिला आहे.

आणि मराठी-कोकणी येणे हे गोव्यात काम करताना मोठे भांडवल आहे. काजू विकणारा सत्तरीतला बागायतदार, म्हापशाच्या बाजारातला घाऊक व्यापारी, सावंतवाडीचा वाहतूकदार यांच्याशी व्यवहार त्यांच्याच भाषेत होतात. हे ज्याला सहज जमते त्याला विक्रीत आणि खरेदीत कुणी मागे टाकू शकत नाही.

पदवीनंतर लगेच एमबीए करावे की आधी नोकरी?

शक्य असेल तर दोन वर्षे नोकरी. पगार किती, पद कोणते, याला या दोन वर्षांत महत्त्व देऊ नका. ज्याने महिनाअखेरीस थकबाकीसाठी ग्राहकांना फोन केले आहेत, त्याला खेळत्या भांडवलाचा धडा वर्गात शिकवावा लागत नाही. ज्याने हॉटेलच्या स्वागतकक्षात रात्रपाळी केली आहे, तो मनुष्यबळाच्या तासाला नुसता बसून राहत नाही, प्रश्न विचारतो. मुलाखत घेणारेही हे ओळखतात.

घरच्या परिस्थितीमुळे, किंवा मिळालेला चांगला प्रवेश सोडवत नाही म्हणून, लगेच करावे लागले तरी बिघडत नाही. मग उन्हाळी इंटर्नशिप मन लावून करा.

नोकरी सोडणे शक्य नाही. माझ्यासाठी कोणते पर्याय आहेत?

तीन आहेत. पहिला, विद्यापीठाचा एक्झिक्युटिव्ह किंवा अर्धवेळ अभ्यासक्रम, ज्याचे वर्ग संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी असतात. गोवा विद्यापीठात नोकरदारांसाठी असा एमबीए आहे आणि गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटनेही नोकरदारांचा अर्धवेळ वर्ग अनेक वर्षे रायबंदरला चालवला. दुसरा, दूरशिक्षण. तिसरा, ऑनलाइन पदवी.

कोणता घ्यावा, हे तुमची कामाची पाळी ठरवते. बँकेत किंवा सरकारी कार्यालयात आहात, संध्याकाळी मोकळे होता आणि पणजी-मडगावच्या आसपास राहता, तर वर्गात बसून शिकण्याला पर्याय नाही. सोबतीला वेगवेगळ्या कंपन्यांतली अनुभवी माणसे असतात आणि त्यांच्याकडून प्राध्यापकांइतकेच शिकायला मिळते. वेर्ण्यात फिरती पाळी असेल तर ठरलेल्या वेळेचे वर्ग बुडत जातात, तिथे दूरशिक्षण किंवा रेकॉर्ड केलेली व्याख्याने असलेला ऑनलाइन अभ्यासक्रम बरा.

हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी हे खास सांगते. इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठाच्या सत्राअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. कळंगुट-बागा पट्ट्यात डिसेंबरात कुणालाही रजा मिळत नाही. म्हणून जास्तीत जास्त पेपर जूनला ठेवा. पाऊस सुरू झालेला असतो, खोल्या रिकाम्या असतात, व्यवस्थापकही रजा देतो. इग्नूचा एमबीए किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येतो, त्यामुळे अशी आखणी करायला जागा आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन्ही सत्रांत मिळतो. पूर्वी त्यासाठी ओपनमॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागे, २०२१मध्ये अभ्यासक्रम नव्याने आखला तेव्हापासून ती अट नाही.

आणखी एक. प्रवेश घेण्याआधी घरच्यांशी आणि वरिष्ठांशी बोला. आठवड्याला दहा-बारा तास अभ्यासाला जातात आणि ते कुणाच्या तरी वाट्यातून जातात. नोकरदारांचा अभ्यास बुद्धी कमी पडल्याने क्वचितच सुटतो, या तासांची सोय न लावल्यामुळे सुटतो.

ऑनलाइन एमबीए खरेच मान्य आहे का? जाहिराती तर रोज येतात.

मान्य आहे, अटींसह. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२०च्या नियमांनुसार पात्र ठरलेल्या उच्च शिक्षण संस्थेने दिलेली ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. सप्टेंबर २०२२मध्ये यूजीसीने हे पुन्हा स्पष्ट केले. मात्र ही परवानगी त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमापुरती आणि ठरावीक सत्रांपुरती असते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर मान्य संस्था आणि अभ्यासक्रम यांची यादी असते. त्या यादीत तुमच्या प्रवेशाचे सत्र आहे का, ते स्वतः पाहा. आता अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला त्याच संकेतस्थळावर डीईबी ओळख क्रमांकही काढावा लागतो. कुणी हा क्रमांक न मागताच ‘पदवी’ देत असेल तर तिथेच थांबा.

विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम फ्रँचायझी पद्धतीने तिसऱ्या कुणाकडून चालवून घ्यायला यूजीसीची मनाई आहे. मधली एखादी कंपनी जाहिरात करू शकते, तांत्रिक सोय देऊ शकते, पण प्रवेश, परीक्षा आणि गुणपत्रिका विद्यापीठाचीच हवी. फी विद्यापीठाच्या खात्यात भरा आणि पावती विद्यापीठाच्या नावाची घ्या. ‘आज रात्रीपर्यंत सवलत’ असे सांगून घाई करणाऱ्या फोनला उत्तर देण्याची गरज नाही. ‘सहा महिन्यांत एमबीए’ असे काही नसते. ते प्रमाणपत्र असू शकते आणि प्रमाणपत्र म्हणून उपयोगीही असू शकते, पण अर्जात पदवीच्या रकान्यात ते लिहिता येणार नाही.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून गोव्यात राहून शिकता येईल का?

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे राज्याचे मुक्त विद्यापीठ आहे आणि राज्य विद्यापीठांचे दूरशिक्षण आपापल्या राज्यापुरते मर्यादित असते. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून रोज गोव्यात कामाला येणाऱ्यांना म्हणून आपल्या जिल्ह्यातले अभ्यासकेंद्र गाठता येते. गोव्यात राहणाऱ्यांसाठी इग्नू सोयीचे, त्याचे विभागीय केंद्र इथेच आहे. ऑनलाइन पदवीला राज्याच्या सीमेचे बंधन नाही.

एकाच वेळी दोन पदव्या करता येतात का?

हो, यूजीसीने एप्रिल २०२२मध्ये तशी मुभा दिली. दोन्ही वर्गात बसून करायच्या असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक वर्गातली आणि एक दूरशिक्षणाची, अशी जोडी झेपण्यासारखी असते. मी सहसा दुसऱ्या पदवीऐवजी एक्सेल आणि टॅली नीट शिकायला सांगते.

खर्च कसा उभा करावा? कर्ज घ्यावे का?

आधी बिनव्याजी पर्याय पाहा. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही राज्य सरकारची संस्था गोमंतकीय विद्यार्थ्यांना बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते. उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या अटी दर वर्षीच्या सूचनेत असतात, पहिला अर्ज तिथे करावा. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झाली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना ती तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय कर्ज देते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सवलत घेतलेली नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळते. तुमची संस्था त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर दिसते.

मग हप्त्याचा हिशेब करा. समजा आठ लाखांचे कर्ज, व्याज १० टक्के, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता साधारण १३,३०० रुपये येतो आणि सात वर्षांत सुमारे ११ लाख १५ हजार परत जातात. शिकत असतानाच्या दोन वर्षांचे व्याज यात धरलेले नाही. ते भरत राहिलात तर ठीक, नाहीतर मुद्दलात मिसळते आणि हप्ता वाढतो. आता स्वतःला विचारा: पहिली नोकरी पणजीत, महिना तीस हजारांची मिळाली तर घरी काय देणार, स्वतःला काय उरणार? हे गणित आई-वडिलांसमोर कागदावर मांडा. कर्ज वाईट नसते. न मांडलेले गणित वाईट.

जुन्या करप्रणालीत राहिलात तर शैक्षणिक कर्जाचे व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येते.

गोव्यात एमबीए झालेल्यांना नोकऱ्या आहेत का?

आहेत, पण प्रत्येक क्षेत्राचा स्वभाव ओळखून जायला हवे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत आणि इतरत्र औषधनिर्मितीचे मोठे कारखाने आहेत. तिथे पुरवठा साखळी, खरेदी, उत्पादन नियोजन आणि मनुष्यबळ विभागांत व्यवस्थापनाची माणसे लागतात. हॉटेल आणि पर्यटनात महसूल व्यवस्थापन, म्हणजे खोलीचा दर रोज कसा ठरवायचा, हे कौशल्य ज्याच्याकडे आहे त्याला मागणी असते. मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३पासून विमाने उडू लागली आणि पेडण्याच्या मुलांना मालवाहतूक, किरकोळ विक्री, ग्राहकसेवा ही कामे घराजवळ आली. मुरगाव बंदर, गोवा शिपयार्ड, बँका, सहकारी संस्था ही जुनी दारे आहेतच.

खाण व्यवसायाने आपल्याला जे शिकवले ते प्रत्येक व्यवस्थापन वर्गात शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या. पुढे पुन्हा सुरू झाल्यावर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून काम पुन्हा थांबले. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, गावातली खानावळ, सगळ्यांचे उत्पन्न एकाच ग्राहकावर उभे होते. कर्ज काढून ट्रक घेताना ‘हा माल थांबला तर?’ हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जोखीम म्हणजे काय ते डिचोली-सांग्याच्या मुलांनी घरात पाहिले आहे. असा अनुभव असेल तर मुलाखतीत तो संकोच न करता सांगा.

सर्वांत मोठे पगार मात्र मुंबई, पुणे, बंगळुरूला आहेत. पाच-सात वर्षे बाहेर राहून अनुभव घेऊन परत येणे हाही चांगला रस्ता आहे.

घरचा व्यवसाय आहे. मग एमबीए कशाला?

कदाचित नकोही. दोन वर्षे दुकान सोडून राहण्यापेक्षा नेमकी जी गोष्ट अडते ती शिकून घ्या. बहुतेक घरगुती व्यवसायांत ती अडचण रोख पैशाची असते.

काजूचे उदाहरण घेऊ. कच्चा काजू मार्च ते मे या काळात घ्यावा लागतो, गर मात्र वर्षभर विकला जातो. समजा हंगामात वीस लाखांचा माल घेतला आणि तो वर्षभर सारख्या गतीने संपला, तर सरासरी दहा लाख रुपये गोदामात अडकून असतात. ११ टक्क्यांनी कर्ज असेल तर वर्षाचे एक लाख दहा हजार व्याज त्या साठ्याचे झाले. किलोमागचा नफा काढताना हे व्याज धरले आहे का? बरेच जण धरत नाहीत आणि मग विक्री चांगली होऊनही दिवाळीला हात आखडता का येतो, ते कळत नाही. हे समजायला दोन वर्षे लागत नाहीत. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर आयआयएम बंगळुरूसारख्या संस्थांचे लेखाशास्त्र आणि वित्ताचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला फी नाही, प्रमाणपत्राच्या परीक्षेला थोडी असते.

धंदा वाढवून दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल, निर्यात करायची असेल, भावंडांत कामाची वाटणी करायची असेल, तेव्हा नोकरदारांसाठीचा एमबीए जरूर करा.

लग्न-मुलांमुळे सात-आठ वर्षे खंड पडला. आता प्रवेश मिळेल?

मिळेल. एमबीएला वयाची मर्यादा सहसा नसते. मुलाखतीत खंडाबद्दल विचारतील, तेव्हा सरळ सांगा आणि त्या काळात काय सांभाळले तेही सांगा: बचत गटाचे हिशेब, घरगुती खाद्यपदार्थांची विक्री, सासऱ्यांच्या दुकानाची खरेदी. हे व्यवस्थापनच आहे आणि तुम्ही ते प्रत्यक्ष केले आहे. अशा विद्यार्थिनी वर्गात आल्या की चर्चेला वजन येते.

काणकोणहून ताळगावला रोज ये-जा जमेल का?

पूर्णवेळ एमबीएसाठी नाही. गटात काम संध्याकाळी उशिरापर्यंत चालते. वसतिगृह किंवा पणजीजवळ खोली पाहा.

कॉलेज निवडताना काय विचारावे?

सर्वाधिक पगार किती, हे विचारू नका. दहा जणांच्या वर्गात नऊ जणांना सहा लाख आणि एकाला चाळीस लाख मिळाले तर सरासरी नऊ लाख चाळीस हजार येते आणि माहितीपत्रकात तीच झळकते. मधल्या विद्यार्थ्याला मात्र सहाच लाख मिळालेले असतात. म्हणून मध्यक विचारा, किती विद्यार्थ्यांनी नोकरीसाठी नाव नोंदवले आणि किती जणांना मिळाली ते विचारा. कायम प्राध्यापक किती, इंटर्नशिप कोण मिळवून देते, ग्रंथालयात कोणते डेटाबेस आहेत, हेही विचारा. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांशी, शक्यतो कॉलेजने न सुचवलेल्या, बोलून पाहा.

अर्जासाठी कोणती कागदपत्रे आधी काढून ठेवावीत?

मामलेदार कार्यालयातून मिळणारा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला. इतर मागासवर्गीयांनी नॉन-क्रिमीलेअरची मुदत पाहावी, ती संपलेली असणे ही दर जूनमध्ये दिसणारी अडचण आहे. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक, नोकरदारांसाठी अनुभवाचे पत्र आणि कंपनीचे ना हरकत पत्र. आधार, दहावीचे प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका यांवरचे नाव अक्षरशः सारखे हवे. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर असेल तर दुरुस्ती मार्चमध्येच सुरू करा, जूनमध्ये प्रत्येक खिडकीपुढे रांग असते.